अंतर्वासी कवके : ‘निरुपद्रवी’ या विशेषणाचा इतिहास

बीजसंज्ञा : अंतर्वासी कवक, सहजीवन, फेस्क्यू गवत, टॅक्सॉल, कॅम्पटोथेसिन, नरक्या

प्रास्ताविक

निरोगी झाडाचे एखादे पान घेऊन त्याचा पृष्ठभाग अल्कोहोल आणि सोडियम हायपोक्लोराइट यांच्या साहाय्याने निर्जंतुक केला, त्याचे लहान तुकडे पोषक माध्यमावर ठेवले आणि काही दिवस वाट पाहिली, तर बहुतेक वेळा तुकड्यांच्या कापलेल्या कडांतून बुरशीचे तंतू बाहेर पडताना दिसतात. पृष्ठभागावरील बुरशी आधीच नष्ट केलेली असते. म्हणजे ही बुरशी पानाच्या आत वसलेली होती. पानावर डाग नसतो, कूज नसते, कोमेजल्याची खूणही नसते. वनस्पतीच्या ऊतींमध्ये राहूनही तिला वरकरणी इजा न करणाऱ्या अशा कवकांना एंडोफाइट, म्हणजेच अंतर्वासी कवके, असे म्हटले जाते. आपल्याकडील वनस्पतिशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र विभागांत हा प्रयोग आता चांगलाच रुळला आहे. त्याला खर्च कमी लागतो, निष्कर्ष हमखास मिळतो आणि हाती आलेल्या कवकापासून पुढेमागे एखादे औषध मिळेल, अशी आशा शोधनिबंधाच्या शेवटी व्यक्त करता येते.

या कवकांचे वर्गीकरण किंवा सर्वेक्षण मांडणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. ‘निरुपद्रवी’ हे विशेषण या जीवांना कसे चिकटले आणि ते कितपत टिकले, याचा ऐतिहासिक मागोवा येथे घेतला आहे. त्याचबरोबर, या कवकांपासून माणसाला उपयोग करून घेण्याचे जे दोन मोठे प्रयत्न झाले, त्यांपैकी एक फळाला का आला आणि दुसरा का रखडला, हा प्रश्नही विचारात घेतला आहे. पहिला प्रयत्न गुरांच्या चाऱ्याचा आहे, दुसरा कर्करोगावरील औषधांचा. या दुसऱ्या प्रयत्नाचा एक धागा सह्याद्रीतील एका झाडापर्यंत येऊन पोहोचतो. पहिल्या प्रयत्नात कवक, गवत, कीटक आणि जनावर ही सारी साखळी एकत्र तपासली गेली. दुसऱ्यात बहुतांशी चंबूत वाढवलेले कवक तेवढे तपासले गेले. दोहोंच्या फलितांतील तफावतीचे मूळ येथे आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

शब्दाचा जन्म

बटाट्यावरील करपा रोगाने १८४५ नंतर आयर्लंडमध्ये दुष्काळ ओढवला, तेव्हा झाडावर दिसणारी बुरशी हे रोगाचे कारण की परिणाम, यावर युरोपात मोठा वाद होता. ती कारणच आहे, हे प्रयोगाने सिद्ध करणाऱ्यांत जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आंटोन डी बारी हे अग्रणी होते. १८६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या कवकविषयक ग्रंथात त्यांनी वनस्पतीच्या पृष्ठभागावर राहणारी आणि वनस्पतीच्या आत राहणारी कवके असा भेद केला आणि आतील कवकांसाठी एंडोफाइट हा शब्द वापरला. हा भेद केवळ जागेचा होता. आत राहून झाडाचा नाश करणारे कवकही डी बारी यांच्या लेखी एंडोफाइटच होते.

हेच त्यांच्या दुसऱ्या प्रसिद्ध शब्दाबाबतही म्हणता येते. १८७८ च्या व्याख्यानात त्यांनी ‘सिम्बायोसिस’ या संज्ञेची मांडणी केली ती भिन्न जीवांचे एकत्र राहणे एवढ्याच अर्थाने, आणि त्यात परजीविताही अंतर्भूत होती. पुढे ‘सहजीवन’ म्हणजे परस्परांचे हित आणि ‘अंतर्वासी’ म्हणजे निरुपद्रवी, असे अर्थसंकोच झाले. १९९१ मध्ये स्वित्झर्लंडचे ओर्लांडो पेट्रिनी यांनी केलेली आणि आजही सर्वाधिक उद्धृत होणारी व्याख्या पाहावी. आयुष्याच्या कोणत्यातरी टप्प्यात वनस्पतीच्या अंतर्गत ऊतींत उघड इजा न करता राहू शकणारे सर्व जीव त्यांनी या वर्गात घेतले. ‘कोणत्यातरी टप्प्यात’ आणि ‘उघड’ ही दोन्ही बंधने त्यांनी विचारपूर्वक घातली होती. आपल्याकडील निबंधांत ती बहुधा गळून पडतात.

निदणातील कवक

बायबलमध्ये शत्रूने गव्हात पेरलेल्या निदणाचा दाखला आहे. ते निदण म्हणजे लोलियम टेम्युलेंटम हे गवत असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ते गव्हासारखे दिसते, गव्हातच वाढते आणि त्याचे दाणे पिठात आले तर भाकरी खाणाऱ्यास चक्कर व गुंगी येते. त्याच्या लॅटिन नावातील दुसऱ्या पदाचा अर्थच ‘झिंगलेले’ असा आहे. ही झिंग कशामुळे येते, हे शतकानुशतके कोणी सांगू शकले नव्हते.

१८९८ मध्ये व्हिएन्नाचे आउगुस्ट फोग्ल हे धान्यपिठांची सूक्ष्मदर्शकीय तपासणी करीत असताना त्यांना या गवताच्या दाण्यात, बीजावरणाच्या आतल्या बाजूस, कवकतंतूंचा एक सलग थर आढळला. त्याच सुमारास फ्रान्समध्ये गेरँ यांनाही हेच दिसले. केंब्रिज येथे काम करणाऱ्या अमेरिकन ई. एम. फ्रीमन यांनी १९०४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या कवकाचा सारा प्रवास उलगडला. दाणा रुजताना तंतू अंकुराच्या वाढबिंदूत शिरतात, रोपाबरोबर वर चढतात आणि फुलोरा आल्यावर नव्या बीजात उतरतात. बाहेर कोठेही बीजाणू तयार होत नाहीत. आईकडून मुलीकडे वारसा जावा, तसे हे कवक एका पिढीतून दुसऱ्या पिढीत बीजामार्फतच जाते. इजिप्तमधील प्राचीन थडग्यातून मिळालेल्या दाण्यांतही ते असल्याचे लिंडाऊ यांनी त्याच वर्षी नोंदवले.

इतके सारे १९०४ पर्यंत ज्ञात असूनही पुढील सात दशके या ज्ञानाचा उपयोग झाला नाही. वेल्समधील ॲबरिस्टविथ येथे कॅथलीन सॅम्पसन यांनी १९३० च्या दशकात चाऱ्याच्या गवतांत अशी कवके दाखवली. न्यूझीलंडमध्ये जे. सी. नील यांनी १९४० च्या सुमारास रायगवतातील कवकाचे उत्तम वर्णन केले. हे कवक गुरांना अपाय करीत असेल काय, हा प्रश्न न्यूझीलंडमध्ये विचारलाही गेला. तथापि १९५८ मध्ये तेथे प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने ते प्राण्यांना विषारी नसल्याचा निर्वाळा दिला. ‘निरुपद्रवी’ हे विशेषण अशा रीतीने छापील पुराव्यानिशी प्रस्थापित झाले आणि दोन दशके कोणी त्या वाटेला गेले नाही.

केंटकीचे गवत

१९३१ मध्ये केंटकी विद्यापीठाचे ई. एन. फर्गस यांना मेनिफी परगण्यातील एका डोंगराळ शेतावर हिवाळ्यातही हिरवेगार राहणारे फेस्क्यू गवत दिसले. त्याचे बी त्यांनी आणले, तपासले आणि १९४३ मध्ये ‘केंटकी ३१’ या नावाने हा वाण प्रसारित झाला. तो दुष्काळात टिके, कीड त्याला फारशी लागत नसे, झिजलेल्या जमिनीवरही तो तग धरी. अमेरिकेच्या आग्नेय भागातील कापसाने खंगलेल्या जमिनी या गवताने हिरव्या केल्या. कालांतराने फेस्क्यूखालील क्षेत्र सुमारे १.४ कोटी हेक्टरपर्यंत पोहोचले.

गुरे मात्र त्यावर पोसली जात नव्हती. हिवाळ्यात काहींच्या मागच्या पायांचे खूर आणि शेपटीचे टोक कुजून गळून पडे. उन्हाळ्यात जनावरांना धाप लागे, अंगावरचे केस राठ होत, ती चरायचे सोडून डबक्यात उभी राहत आणि वजन वाढत नसे. गाभण घोड्यांना दूध उतरत नसे. रासायनिक पृथक्करणात गवत पौष्टिकच ठरत होते. शेतकरी म्हणत की दोष गवतात आहे, आणि प्रयोगशाळा म्हणे की गवत उत्तम आहे. दोघांचेही म्हणणे खरे होते.

जॉर्जिया राज्यातील अथेन्स येथील सरकारी संशोधन केंद्रात चार्ल्स बेकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात या कोड्याला हात घातला. बाजरीवरील अरगट आपल्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे. त्याच कुळातील कवके कुरणातील अन्य गवतांवर उघड दिसत होती आणि आरंभी संशय त्यांच्यावर होता. नंतर त्यांनी फेस्क्यूच्याच खोडाचे छेद तपासले. १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार, ज्या कुरणात गुरे आजारी पडत तेथील गवतात अंतर्वासी कवक सर्रास आढळले, तर जेथे गुरे निरोगी होती तेथे ते क्वचित होते. पाठोपाठ अलाबामा राज्यात कवकयुक्त आणि कवकमुक्त कुरणांवर जनावरे प्रत्यक्ष चारून चाचण्या झाल्या आणि वजनवाढीतील फरक निर्विवाद ठरला. १९८५ मध्ये अर्गोव्हॅलिन हे अल्कलॉइड रोगकारक गवतात ओळखले गेले. ते रक्तवाहिन्या आकुंचित करते. म्हणून थंडीत खुरांना रक्त पुरत नाही आणि उन्हाळ्यात त्वचेवाटे शरीराची उष्णता बाहेर पडत नाही. ते प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचे प्रमाणही घटवते, म्हणून दूध आटते. परस्परांशी संबंध नसलेली वाटणारी सारी लक्षणे एका धाग्यात ओवली गेली.

एक बाब या शोधाला उशीर लावण्यास कारणीभूत ठरली असावी. साध्या तापमानात साठवलेल्या बियाण्यातील हे कवक वर्षा-दोन वर्षांत मरते, बी मात्र रुजण्याइतके जिवंत राहते. म्हणजे एकाच वाणाचे ताजे बी पेरलेले कुरण विषारी आणि जुने बी पेरलेले शेजारचे कुरण निर्विष! वाण एकच असल्यामुळे गवत पाहून हा फरक कळणे शक्य नव्हते.

यावर उपाय उघड वाटला. कवकमुक्त बियाणे विकायचे, की प्रश्न मिटला. १९८० च्या दशकात तसे केले गेले. परंतु कवकमुक्त फेस्क्यू दुष्काळात आणि चराईच्या ताणाखाली विरळ होऊ लागले. केंटकी ३१ ची जी चिवट प्रकृती पाहून फर्गस यांनी ते निवडले होते, तिचा मोठा वाटा कवकाचा होता. फर्गस यांनी निवडले ते नुसते गवत नव्हते. गवत आणि कवक यांची जोडी होती.

न्यूझीलंडमध्ये हीच गोष्ट अधिक ठळकपणे घडली. तेथील मेंढ्यांना उन्हाळ्याच्या अखेरीस कंप सुटे, त्या लडखडत आणि कोसळत. १९८१ मध्ये फ्लेचर आणि हार्वे यांनी या रोगाचा संबंध रायगवतातील कवकाशी जोडला. पुढे लोलिट्रेम-बी हे मज्जासंस्थेवर परिणाम करणारे द्रव्य हाती आले. नील यांचे कवक अखेर निरुपद्रवी ठरले नाही. पण लगेच १९८२ मध्ये प्रेस्टिज आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की ज्या रायगवतात हे कवक नसते ते अर्जेंटिनातून आलेल्या सोंडकिड्याच्या तडाख्यात सापडते. मेंढ्या वाचवाव्यात तर कुरण जाते, कुरण वाचवावे तर मेंढ्या लडखडतात, असा हा पेच होता.

कीटकाला दूर ठेवणारे पेरामीन हे द्रव्य आणि मेंढ्यांना बाधणारे लोलिट्रेम ही एकाच कवकाची, परंतु स्वतंत्र उत्पादने आहेत, हे समजल्यावर पेच सुटण्याची वाट दिसली. संशोधकांनी युरोप आणि आसपासच्या प्रदेशांतील रानटी गवतांतून शेकडो कवकविभेद जमवले, त्यांची रासायनिक तपासणी केली आणि पेरामीन बनवणारे, पण लोलिट्रेम व अर्गोव्हॅलिन न बनवणारे विभेद निवडून ते रोपांत टोचले. ‘एआर१’ हा असा विभेद असलेले रायगवत २००० नंतर बाजारात आले. त्याच सुमारास अमेरिकेत ‘मॅक्सक्यू’ या नावाने तशाच प्रकारचे फेस्क्यू विकले जाऊ लागले. आता तेथील शेतकरी बियाणे घेताना गवताच्या वाणाबरोबर आतील कवकाचेही नाव विचारतो. उलट दिशेचा उपयोगही झाला आहे. धावपट्टीच्या कडेला पक्षी येऊ नयेत म्हणून न्यूझीलंडच्या विमानतळांवर मुद्दाम अधिक विषारी कवक असलेले गवत पेरले जाते. ते खाल्लेल्या पक्ष्यांना मळमळ होते आणि ते पुन्हा तेथे चरत नाहीत. एकाच्या संदर्भातील दोष दुसऱ्याच्या संदर्भात गुण ठरल्याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच मिळेल.

या कवकाचे शास्त्रीय नाव मात्र दरम्यान तीन वेळा बदलले. एपिक्लोई, ॲक्रिमोनियम, निओटायफोडियम आणि २०१४ मध्ये पुन्हा एपिक्लोई. जुने निबंध वाचताना विद्यार्थ्यांचा गोंधळ होतो, म्हणून ही नोंद.

झाडांच्या पानांत

गवतांतील कवक बीजातून येते आणि एका रोपात सहसा एकच असते. वृक्षांचे तसे नाही. ओरेगॉनमध्ये जॉर्ज कॅरॉल यांनी १९७० च्या दशकापासून डग्लस फर वृक्षाच्या सुयांसारख्या पानांतील कवकांचा अभ्यास केला. तेथील कवके पावसाच्या पाण्यातून आणि हवेतून बाहेरून येतात, एकेका पानात त्यांच्या अनेक स्वतंत्र वसाहती असतात आणि पान गळेपर्यंत त्या जवळजवळ निद्रिस्त राहतात. पनामातील बारो कोलोराडो बेटावर एलिझाबेथ अर्नोल्ड यांना अवघ्या दोन वृक्षजातींच्या ८३ पानांतून ४१८ प्रकारची कवके मिळाली. हा निष्कर्ष २००० मध्ये प्रसिद्ध झाला आणि उष्णकटिबंधातील कवकवैविध्याविषयीचे सारे अंदाज पुन्हा मांडावे लागले. भारतात चेन्नईचे टी. एस. सूर्यनारायणन यांनी पश्चिम घाटातील वृक्षांबाबत दीर्घकाळ काम केले आहे. अर्नोल्ड यांचेच कोकोवरील काम (२००३) पुढील चर्चेच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. बंदिस्त काचगृहात वाढवलेल्या कोकोच्या रोपांत अंतर्वासी कवके जवळजवळ नसतात. त्या रोपांच्या पानांत रानातील कवके वसवली, तर फायटोफ्थोरा रोगामुळे होणारी हानी घटते.

यलोस्टोन येथील उष्ण झऱ्यांलगतच्या गवताचा उल्लेख येथे करावयास हवा. तेथील जमीन ६५ अंश सेल्सियसपर्यंत तापते. एकटे गवत ती उष्णता सोसत नाही, एकटे कवकही नाही, दोघे मिळून मात्र तगतात, असे २००२ मध्ये दिसून आले. २००७ मध्ये त्यात आणखी भर पडली. कवकाच्या आत एक विषाणू असतो आणि तो काढून टाकला तर कवक व गवत एकत्र असूनही ती सहनशक्ती उरत नाही. राजस्थानच्या थर वाळवंटातील झुडपांच्या मुळांलगत अजित वर्मा यांच्या गटाला सापडलेले, १९९८ मध्ये वर्णिलेले पिरिफॉर्मोस्पोरा इंडिका हे कवक अनेक पिकांच्या मुळांत राहून त्यांची वाढ सुधारते. त्याच्यावर जगभर काम झाले आहे.

टॅक्सॉलचे आश्वासन

पॅसिफिक यू या वृक्षाची साल १९६२ मध्ये अमेरिकी सरकारच्या कर्करोगविरोधी वनस्पतिशोध मोहिमेत गोळा केली गेली. मनसुख वाणी आणि मनरो वॉल यांनी तीतून टॅक्सॉल वेगळे करून १९७१ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. डिसेंबर १९९२ मध्ये बीजकोशाच्या कर्करोगासाठी त्यास मान्यता मिळाली. पण ढोबळ हिशेबाने एक किलो औषधासाठी सुमारे दहा हजार किलो साल लागे आणि साल काढली की झाड मरे. हा वृक्ष वाढतोही अत्यंत सावकाश.

अशा टंचाईच्या ऐन वेळी, १९९३ मध्ये, मोंटाना येथील गॅरी स्ट्रोबेल आणि स्टिअर्ल दांपत्य यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात जाहीर केले, की यूच्या सालीत राहणारे टॅक्सोमायसिस आंद्रेआनी हे कवक झाडाबाहेर, चंबूतही, टॅक्सॉल बनवते. झाड तोडण्याची गरज संपली, आता कवक टाक्यांत वाढवायचे, अशी कल्पना त्यातून साहजिकच पुढे आली. प्रत्यक्षात मिळालेले प्रमाण लिटरला २४ ते ५० नॅनोग्रॅम होते, म्हणजे ग्रॅमभर औषधासाठी कोट्यवधी लिटर द्रव. तथापि पेनिसिलिनचे उत्पादनही आरंभी अत्यल्पच होते, असा युक्तिवाद करता येत होता आणि तो तेव्हा गैर नव्हता.

पुढील वीस वर्षांत अनेक वंशांच्या कवकांतून टॅक्सॉल सापडल्याचे निबंध आले, त्यांत भारतीय प्रयोगशाळांचा वाटा लक्षणीय होता. औद्योगिक उत्पादन मात्र एकाही कवकापासून सुरू झाले नाही. पुनःपुन्हा नव्या माध्यमावर वाढवत गेल्यास कवकाची क्षमता ओसरते, अशीच बहुतेकांची तक्रार होती. अखेर २०१३ मध्ये जर्मनीतील हायनिग, शोल्झ आणि येनेवाइन यांनी मूळ टॅक्सोमायसिसचाच जनुकसंच वाचून पाहिला. झाडात टॅक्सॉल घडवणाऱ्या जनुकांशी विश्वसनीय साम्य असणारे जनुक त्यांना त्यात मिळाले नाहीत आणि हे कवक स्वतंत्रपणे टॅक्सॉल बनवते यास पुरावा नाही, असे त्यांनी लिहिले. यावरचा वाद त्यानंतरही चालू राहिला. २०१५ मध्ये कॅनडातील एका गटाने मांडले, की यूच्या खोडातील एक अंतर्वासी कवक टॅक्सॉलयुक्त कण वापरून लाकूड कुजवणाऱ्या बुरशींना अडवते. हा विचार खरा असल्यास झाडाला त्या द्रव्याची आणि त्या कवकाची गरज का भासते, या प्रश्नाकडे आपण परत येतो, आणि तोच प्रश्न प्रारंभी कोणी विचारला नव्हता. औषधाची टंचाई तोवर दुसऱ्याच मार्गांनी मिटली होती. युरोपीय यूच्या पानांतील पूर्वद्रव्यापासून अर्धसंश्लेषण करण्यात आले आणि नंतर यूच्या पेशींचेच टाक्यांत संवर्धन होऊ लागले.

नरक्या

कॅम्पटोथेसिनची कथा याच वळणाची आहे, पण ती आपल्या अंगणातील आहे. वॉल आणि वाणी यांच्याच गटाने १९६६ मध्ये कॅम्पटोथेका या चिनी वृक्षातून हे द्रव्य मिळवले. पहिल्या चाचण्या विषारीपणामुळे थांबल्या. १९८५ मध्ये ते टोपोआयसोमरेज-१ या विकरास बांधून कर्कपेशींतील डीएनएच्या प्रतिलेखनात अडथळा आणते, हे कळल्यावर त्यात पुन्हा रस निर्माण झाला. १९९६ मध्ये अमेरिकेत त्यापासून बनवलेल्या टोपोटेकन आणि इरिनोटेकन या दोन औषधांना मान्यता मिळाली.

दरम्यान १९७२ मध्ये मुंबईत गोरेगाव येथील सिबा संशोधन केंद्रातील टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी मॅपिया फीटिडा या भारतीय झाडात हेच द्रव्य भरपूर असल्याचे दाखवले होते. सह्याद्रीत या झाडास नरक्या म्हणतात. लॅटिन नावाप्रमाणे मराठी नावातही त्याच्या फुलांच्या दुर्गंधीची सूचना असावी. आजचे त्याचे शास्त्रीय नाव नोथापोडायटीस निम्मोनियाना हे १८३९ च्या मुंबई परिसरातील वनस्पतींच्या ग्रॅहॅमकृत सूचीतील नावावरून आले आहे. चिनी वृक्षापेक्षा नरक्याच्या लाकडात द्रव्याचे प्रमाण अधिक, म्हणून जागतिक मागणीचा रोख सह्याद्रीकडे वळला. कोल्हापूर, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांच्या घाटपट्ट्यांतून नरक्याच्या बेकायदा तोडीच्या आणि पकडलेल्या लाकडाच्या बातम्या पुढे वारंवार येत राहिल्या.

अशा वेळी २००५ मध्ये जम्मू येथील प्रयोगशाळेतील पुरी, वर्मा, काझी आदींनी जर्मनीतील स्पिटेलर यांच्यासह नरक्यातील अंतर्वासी कवक कॅम्पटोथेसिन बनवते, असा निबंध प्रसिद्ध केला. टॅक्सॉलचेच आश्वासन पुन्हा दिले गेले. या कवकाची एंट्रोफोस्पोरा म्हणून केलेली ओळख कवकशास्त्रज्ञास थबकवणारी आहे. मुळांशी सहजीवन करणाऱ्या ज्या गटात हा वंश गणला जातो, त्यातील कवके जिवंत मुळांशिवाय स्वतंत्रपणे वाढवता येत नाहीत, असाच सर्वसाधारण अनुभव आहे. पुढे स्पिटेलर यांच्याच प्रयोगशाळेत सौविक कुसारी यांनी चिनी वृक्षातील फ्युझेरियम सोलानी या कवकावर काम केले. २००९ मध्ये त्यांना त्यात कॅम्पटोथेसिन मिळाले. २०११ मध्ये त्यांनी स्पष्ट केले, की संवर्धनाच्या काही पिढ्यांत हे उत्पादन झपाट्याने घटते, कारण द्रव्य घडवण्याच्या मार्गातील काही जनुके कवकात असली तरी स्ट्रिक्टोसिडीन सिंथेज हे कळीचे विकर त्याच्याजवळ नाही. ते विकर झाडाचे असते. स्वतःच्या निष्कर्षाच्या मर्यादा त्याच गटाने शोधून छापाव्यात, ही गोष्ट या क्षेत्रात विरळ आहे आणि तिची दखल घेतली पाहिजे.

अंतर्वासी कवकांपासून औषध मिळालेच नाही, असे मात्र नाही. स्पेनमध्ये जुनिपरच्या जिवंत पानांतून मिळालेल्या हॉर्मोनेमा या कवकाने बनवलेले एन्फुमाफंगिन २००० मध्ये वर्णिले गेले. त्यात रासायनिक बदल करून तयार झालेले आयब्रेक्सफंगर्प हे बुरशीजन्य संसर्गावरील औषध २०२१ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. ते द्रव्य जुनिपरचे नव्हते, कवकाचे स्वतःचे होते. प्रतिस्पर्धी बुरशींना रोखण्याची कवकाला खुद्द गरज असते. झाडाचे औषध कवकाकडून चोरून मिळवण्यापेक्षा कवकाचे स्वतःचे रसायन पाहणे अधिक फलदायी ठरले.

सह्याद्रीतील नरक्याचा प्रश्न यामुळे सुटलेला नाही. जंगलावरील ताण कमी करण्यासाठी त्याची लागवड करावी, हा विचार बराच काळ मांडला जात आहे आणि रोपवाटिकांत रोपे होतातही. परंतु वृक्षांतील कवके बहुतांशी बाहेरून येतात, हे वर आलेच आहे. सपाटीवरील रोपवाटिकेत वाढलेल्या नरक्याच्या पानांत आणि सालीत तेथील हवेतली कवके वसतील, घाटमाथ्यावरील दाट सावलीच्या रानातली नव्हेत. त्यामुळे लाकडातील कॅम्पटोथेसिनचे प्रमाण बदलते काय, हे ठरवायचे तर एकाच मातृवृक्षाच्या बियांपासून दोन्ही ठिकाणी वाढवलेली रोपे काही वर्षे सांभाळून त्यांचे लाकूड आणि त्यांतील कवके एकाच वेळी तपासावी लागतील. घाटालगतच्या एखाद्या महाविद्यालयाला रोपे आणि कवके यांचे काम आपल्या साधनांत करता येण्याजोगे आहे. द्रव्याच्या मापनापुरती विद्यापीठाच्या प्रयोगशाळेची मदत लागेल. बी ताजेच वापरावे लागेल आणि ज्या झाडावरून ते घेतले त्याची खूण वनखात्याच्या परवानगीने राखून ठेवावी लागेल.